वर्णपटाला तरंगलांबीची मोजपट्टी लावताना: साध्या ग्रेटिंगपासून निऑन दिव्यापर्यंत

"हायड्रोजनची अल्फा रेषा ६६०० अँगस्ट्रॉमला आली. तारा आपल्यापासून दूर चाललाय का?" हौशी निरीक्षकांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. अल्फा ही ताऱ्याच्या वर्णपटाच्या लाल भागातली हायड्रोजनची रेषा. तिची खरी जागा ६५६२.८ अँगस्ट्रॉम (हे तरंगलांबीचं एकक). तारा दूर जात असेल तर रेषा लालकडे सरकते. फरक ३७ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १७०० किलोमीटरचा वेग. आपल्या शेजारचे तारे साधारण काही दहा किलोमीटर वेगाने हलतात. तेव्हा इथे चुकला आहे तो तारा नव्हे, मोजपट्टी चुकली आहे.

सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशनचं, म्हणजे पिक्सेलवर तरंगलांबीची पट्टी बसवण्याचं, बटण दाबायला दोन मिनिटं लागतात. बहुतेक चुका त्याच्या आधी झालेल्या असतात: दुर्बिणीवर, फाइल साठवताना आणि सगळ्यात जास्त रेषा ओळखताना. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरबद्दल थोडकंच आहे. उदाहरण म्हणून स्टार ॲनलायझर १०० घेतलं आहे. मिलिमीटरला १०० रेषांचं, सव्वा इंची फिल्टरसारखं कॅमेऱ्याच्या नळीवर चढणारं, फट (स्लिट) नसलेलं हे ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची काच. फटीच्या वर्णपटमापकासाठी शेवटी वेगळा टप्पा आहे.

१. दिवसा, घरी: अंतर मोजा आणि गणित करून ठेवा

ग्रेटिंगपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंतचं अंतर मोजा. एका पिक्सेलमध्ये किती अँगस्ट्रॉम बसतील हे त्यावरून निघतं. १०० रेषांच्या ग्रेटिंगसाठी हिशोब सोपा आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला १०० ने गुणा आणि अंतराने (मिलिमीटरमध्ये) भागा.

पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, अंतर ५० मिलिमीटर: ३७५ भागिले ५०, म्हणजे पिक्सेलला ७.५ अँगस्ट्रॉम. पुढची सगळी उदाहरणं याच जोडणीची आहेत. या हिशोबाने शून्य क्रमापासून, म्हणजे ताऱ्याच्या सरळ दिसणाऱ्या ठिपक्यापासून, रेषा इतक्या पिक्सेलवर येतात:

- हायड्रोजन डेल्टा, ४१०१.७ अँगस्ट्रॉम: ५४७
- हायड्रोजन गॅमा, ४३४०.५: ५७९
- हायड्रोजन बीटा, ४८६१.३: ६४८
- हायड्रोजन अल्फा, ६५६२.८: ८७५
- हवेतल्या ऑक्सिजनचा ए पट्टा, ७६०५ च्या आसपास: १०१४

तुमच्या जोडणीसाठी हीच यादी कागदावर लिहा आणि लॅपटॉपशेजारी ठेवा. रेषा कुठे *असायला हव्यात* हे आधी माहीत असेल तर रात्री डोळ्यांची फसगत होत नाही. १२८० पिक्सेल रुंद सेन्सरवर हे सगळं बसतं का, हेही इथेच कळतं. बसत नसेल तर अंतर कमी करा. शून्य क्रम चौकटीबाहेर ठेवून काम भागवू नका. नवशिक्यासाठी तोच एकमेव पक्का खुंटा आहे.

सावधान: सव्वा इंची फिल्टरच्या आट्याचा एक फेरा म्हणजे ०.६ मिलिमीटर. ग्रेटिंग एक फेरा कमी बसलं तर ५० मिलिमीटरवर १.२ टक्के फरक पडतो आणि अल्फा रेषा जवळजवळ ८० अँगस्ट्रॉम सरकते. नळीवर आणि ग्रेटिंगच्या कडेवर मार्करने एकच आडवी खूण करा. दर वेळी दोन्ही खुणा जुळल्या की नाही ते पाहा.

२. तारा निवडा: अ वर्गाचा, तेजस्वी, वर आलेला

कॅलिब्रेशनसाठी अ (A) वर्गाचा, म्हणजे व्याध-अभिजितसारखा पांढरा तारा लागतो, कारण त्यात हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक असतात. मृग किंवा रोहिणीतला लाल तारा सुंदर दिसतो, पण सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याच्या वर्णपटात इतके पट्टे असतात की हवी ती रेषा हवी तिथे 'सापडते'.

महाराष्ट्रातून जानेवारी-फेब्रुवारीत व्याध उत्तम. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो मध्यान्ही असतो. अभिजित हा जगभरातल्या पुस्तकांतला आवडता तारा. पण आपल्याकडे तो संध्याकाळी डोक्यावर येतो ते दिवस पावसाळ्याचे. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं झालं की आठच्या आत त्याला गाठा, तेव्हा तो वायव्येला बराच वर असतो. क्षितिजाजवळचा तारा घेऊ नका. जाड हवेच्या थरात तारा स्वतःच छोटा वर्णपट बनतो आणि शून्य क्रमाचा ठिपका लांबट होतो.

३. दुर्बिणीवर: फिरवणं, फोकस, एक्सपोजर, याच क्रमाने

आधी ग्रेटिंग आणि कॅमेरा असे जुळवा की वर्णपट सेन्सरच्या ओळींना समांतर, डावीकडे शून्य क्रम आणि उजवीकडे लाल टोक. दोन्ही बाजूंना वर्णपट दिसतील. जो जास्त उजळ तोच घ्यायचा. शक्य असेल तर कॅमेरा असा ठेवा की माउंटच्या मागोव्यातली चूक वर्णपटाला *आडवी* जाईल. मग ताऱ्याच्या सरकण्याने वर्णपट फक्त उंच होतो, रेषा फासल्या जात नाहीत.

नंतर फोकस, आणि तोही शून्य क्रमावर नाही. इथे बहुतेक जण चुकतात. ठिपका टाचणीएवढा दिसेपर्यंत फोकस करतात आणि वर्णपट मात्र धुरकट राहतो. कारण शून्य क्रम आणि वर्णपट एकाच पातळीवर फोकस होत नाहीत. बीटा रेषेच्या आसपास नजर ठेवा आणि ती सर्वांत काळी, सर्वांत अरुंद होईपर्यंत फिरवा. शून्य क्रम थोडा फुगलेला राहिला तरी चालतो, त्याचा मध्य सापडतो. दोन भिंगांची साधी दुर्बीण असेल तर वर्णपटाचं निळं टोक माशाच्या शेपटीसारखं फाकेल. तो दोष भिंगाचा आहे, फोकसचा नाही. तिथल्या रेषांवर भरवसा कमी ठेवा.

शेवटी एक्सपोजर. वर्णपटाचा सर्वांत उजळ भाग कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत असू द्या. कॅमेऱ्याची गॅमा सेटिंग बंद, आपोआप होणारं व्हाइट बॅलन्स बंद, जेपेग नाही. फिट्स किंवा रॉ.

तपासा: (अ) शून्य क्रम पूर्ण चौकटीत आहे, कडेला कापलेला नाही. (आ) ठिपका जळून पांढरा झाला असेल तरी सगळीकडून सारखा गोल आहे. (इ) वर्णपटावर दुसऱ्या ताऱ्याचा ठिपका आलेला नाही. तिन्ही ठीक असतील तर तीस-चाळीस फ्रेम घ्या, आणि तेवढ्याच एक्सपोजरच्या डार्क फ्रेमही. झाकण लावायला एक मिनिट लागतं, ते टाळू नका.

४. प्रतिमेपासून आलेखापर्यंत

डार्क वजा करा, फ्रेम एकावर एक रचा, वर्णपट थोडा तिरका असेल तर सरळ करा, वर्णपटाच्या वरच्या-खालच्या आभाळाचा उजेड वजा करा, मग उभ्या पिक्सेलची बेरीज घेऊन आलेख काढा. क्रम हाच ठेवा.

दोन गोष्टी पाळा. कॅलिब्रेशनचा तारा आणि नंतरचा लक्ष्य-तारा यांच्यावर एकच संस्कार हवा: एकच बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं), एकच दिशा. एका प्रतिमेचा आकार बदलला आणि दुसरीचा नाही, तर मोजपट्टी निरुपयोगी. दुसरी गोष्ट, रंगीत कॅमेरा असेल तर निळा-हिरवा आणि हिरवा-लाल या फिल्टरांच्या सांध्यावर आलेखात रुंद खळगे दिसतात. ते ताऱ्याचे नाहीत, कॅमेऱ्याचे आहेत. तारा बदलला तरी ते जागचे हलत नाहीत, त्यावरून ओळखा.

५. रेषा ओळखणं: इथे घाई केली की सगळं जातं

माझ्या स्वतःच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. व्याधाच्या आलेखात लाल टोकाला एक खोल, धारदार खळगा होता. अल्फा रेषा तांबड्या रंगात असते हे ठाऊक होतं, म्हणून त्याच खळग्यावर ६५६२.८ लिहून मोकळा झालो. आलेख दिसायला छान आला. पण तो खळगा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा ए पट्टा होता, ७६०५ चा. सगळी पट्टी १४ टक्क्यांनी आखूड झाली होती. बीटा रेषा ४८६१ ऐवजी ४१९५ वर बसली आणि तिथे कुठलीच हायड्रोजन रेषा नसते, हे मी पाहिलंच नाही. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तेव्हापासून मी तरंगलांबीचा आकडा टाकण्याआधी फक्त अंतरांची गुणोत्तरं तपासतो. त्याला ना सेन्सरचं अंतर लागतं, ना शून्य क्रम:

- बीटा ते गॅमा हे अंतर गॅमा ते डेल्टा या अंतराच्या साधारण २.१८ पट
- अल्फा ते बीटा हे अंतर बीटा ते गॅमा या अंतराच्या साधारण ३.२७ पट

आपल्या जोडणीत डेल्टा-गॅमा, गॅमा-बीटा आणि बीटा-अल्फा ही अंतरं अनुक्रमे ३२, ६९ आणि २२७ पिक्सेलची होतात. निळ्या बाजूला तीन खळगे, प्रत्येकातलं अंतर निळ्याकडे जाताना कमी होत जाणारं, आणि मग बरंच लांब, एकटी अल्फा. ही ठेवण एकदा डोळ्यांत बसली की आयुष्यभर विसरत नाही. आपल्या कमी विभेदनाच्या आलेखात गुणोत्तर पाच टक्क्यांच्या आत जुळलं तर पुढे जा. जुळलं नाही तर थांबा. एखादी रेषा तुम्ही चुकीची धरली आहे.

हवेचे पट्टे आकारावरूनही ओळखता येतात. अ वर्गाच्या ताऱ्यात हायड्रोजनची रेषा दोन्ही बाजूंना सारखी उतरते, पसरट वाटीसारखी. ऑक्सिजनचे पट्टे निळ्या बाजूला कड्यासारखे तुटतात आणि लाल बाजूला हळूहळू वर येतात. ए पट्ट्याची कडा ७५९४ ला, बी पट्ट्याची ६८६७ ला. ७२०० च्या आसपास पाण्याच्या वाफेचाही पट्टा असतो. कोकणात दमट रात्री तो चांगलाच खोल जातो, डिसेंबरच्या कोरड्या हवेत देशावर उथळ दिसतो. म्हणूनच वाफेचा पट्टा खुंटा म्हणून वापरायचा नाही.

सावधान: रेषेचा मध्य म्हणजे सर्वांत खालचा पिक्सेल नव्हे. या रेषा रुंद असतात आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता निळ्याकडून वर चढत जाते. चढावर बसलेल्या वाटीचा तळ उताराच्या बाजूला सरकलेला दिसतो. गॅमा आणि डेल्टाला याचा त्रास जास्त. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांना सरळ रेषेने जोडा, त्या रेषेने आलेखाला भागा आणि मग मध्य काढा.

६. पट्टी बसवणं

सगळ्यात साधी पट्टी दोन बिंदूंची: शून्य क्रम म्हणजे ० आणि बीटा म्हणजे ४८६१.३. अल्फाऐवजी बीटा घ्यायचं कारण एवढंच की अल्फाशेजारी गोंधळ घालणारे पट्टे आहेत, बीटाशेजारी नाहीत.

या सरळ पट्टीतही एक ठरलेली चूक राहते, ती आधीच जाणून घ्या. ग्रेटिंग प्रकाशाला कोनात वळवतं आणि सेन्सर मात्र सपाट असतो. त्यामुळे पिक्सेलचं आणि तरंगलांबीचं नातं पूर्ण सरळ नसतं. शून्य क्रम आणि बीटावरून काढलेली पट्टी १०० रेषांच्या ग्रेटिंगला अल्फा साधारण ६ अँगस्ट्रॉम जास्त दाखवते, ए पट्टा साधारण १३. आपल्या जोडणीत एक-दोन पिक्सेल. तेवढा फरक दिसला तर घाबरू नका. ५० दिसला तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

याहून नेमकं हवं असेल तर चार-पाच बिंदू घ्या (शून्य क्रम, डेल्टा, गॅमा, बीटा, ए पट्टा) आणि दुसऱ्या घाताचं समीकरण बसवा. तिसऱ्या-चौथ्या घाताच्या मोहात पडू नका. पाच बिंदूंना चौथ्या घाताचं समीकरण तंतोतंत बसतं, चुकीच्या बिंदूंनाही. शिल्लक चूक शून्य दिसते आणि बीटा ते ए पट्टा या लांबच्या मोकळ्या भागात वक्र कुठेही भटकतो.

७. न वापरलेल्या रेषेवर परीक्षा

पट्टीच्या मघाच्या चार-पाच बिंदूंत अल्फा नाही, हे लक्षात आलं असेल. ती मुद्दाम बाजूला ठेवली आहे. पट्टी बसवून झाल्यावर अल्फाचा मध्य मोजा आणि ६५६२.८ शी ताडून पाहा. पट्टी ज्या रेषांवरून बसवली त्या रेषा बरोबर येणारच, त्यांच्याकडून साक्ष घेण्यात अर्थ नाही. पट्टी खरी आहे का हे फक्त बाहेर ठेवलेली रेषाच सांगते.

तपासा: फरक एका पिक्सेलच्या आत असेल तर पट्टी वापरा. दोनहून जास्त असेल तर एकेक बिंदू काढून पुन्हा बसवा. ज्या बिंदूला काढल्यावर अल्फा जागेवर येते, तो बिंदू चुकला आहे. अल्फाला पट्टीत घेऊन फरक 'मिटवू' नका. त्याने चूक जात नाही, झाकली जाते.

८. लक्ष्य-ताऱ्याला तीच पट्टी

त्याच रात्री, कॅमेरा न काढता, फोकस न हलवता लक्ष्य-ताऱ्याकडे वळा. शून्य क्रम मघाच्याच जागी, वीस-तीस पिक्सेलच्या आत आणा. सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलला अँगस्ट्रॉम हे प्रमाण तेच ठेवा, फक्त शून्याची जागा नव्या ठिपक्यावर बसवा.

मग लक्ष्याच्या आलेखात ऑक्सिजनचा पट्टा जागेवर आहे का पाहा. तो आपल्या हवेचा आहे, ताऱ्याच्या वेगाशी त्याचं देणंघेणं नाही. पट्टा जागेवर आणि ताऱ्याची रेषा सरकलेली, तरच सरकणं खरं. दोन्ही मिळून सरकले असतील तर तुमची पट्टी हलली आहे.

या जोडणीत एक पिक्सेल म्हणजे अल्फापाशी सेकंदाला सुमारे ३४० किलोमीटर. साध्या ताऱ्यांचा वेग यातून मोजता येणार नाही, ती आशाच सोडा. नवताऱ्याचं हजारो किलोमीटरने फेकलं जाणारं कवच मात्र दिसतं. कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसारही (दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र) आवाक्यात येतो, जरा मोठी दुर्बीण आणि धीर असेल तर. त्याची ताम्रसृती, म्हणजे रेषा लालकडे सरकण्याचं प्रमाण, ०.१५८. तिथेही सापळा आहे: त्याची अल्फा रेषा सरकून ७६०० ला येते, नेमकी ऑक्सिजनच्या ए पट्ट्यावर. म्हणून तिथे बीटा शोधा, ५६३० च्या आसपास.

९. फटीचा वर्णपटमापक असेल तर

इथे शून्य क्रम मिळत नाही, दिवा लागतो. निऑन आपल्या घरात असतोच: वायरमनच्या टेस्टरमधला तो छोटा नारिंगी दिवा, आणि जुन्या एक्स्टेन्शन बोर्डवरचा इंडिकेटर. नव्या बोर्डात एलईडी असते, ती चालत नाही. त्यातून सुट्या रेषा येत नाहीत, एक सलग पट्टा येतो. दिव्याला रेझिस्टर आणि बंद डबी हवीच. २३० व्होल्टशी अंधारात, ओल्या गवतावर उभं राहून खेळायचं नाही. जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

दिव्याच्या फ्रेम लक्ष्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, दुर्बीण त्याच दिशेला असताना घ्या. दुर्बीण फिरली की वर्णपटमापक स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो, रात्र थंड होते तसा आकसतो. आधीची आणि नंतरची पट्टी वेगळी आली तर मधल्या वेळेसाठी सरासरी घेता येते. एकच घेतली असेल तर काही करता येत नाही.

अल्फाच्या परिसरात निऑनच्या रेषा ओळखायची खूण अशी: ६५०६.५३ आणि ६५३२.८८ ही जवळजवळची जोडी, मग लांब मोकळी जागा, मग ६५९८.९५. हायड्रोजन अल्फा त्या मोकळ्या जागेत पडते. ६४०२.२५ ही सर्वांत तेजस्वी रेषांपैकी एक, ती जळू देऊ नका. जळालेल्या रेषेचा मध्य खोटा असतो.

सावधान: निऑनच्या ठळक रेषा ५८५२.४९ पासून लालकडे आहेत. निऑनवर बसवलेली पट्टी तशीच निळ्याकडे ताणली तर ४३०० पाशी दहा-दहा अँगस्ट्रॉमची चूक सहज होते. निळ्यासाठी आर्गॉनचा दिवा घ्या, नाहीतर अ वर्गाच्या ताऱ्यातल्या डेल्टा, गॅमा, बीटा रेषा जोडीला घ्या. तिसऱ्या घाताच्या समीकरणाला किमान सात-आठ रेषा, वर्णपटभर पसरलेल्या. शिल्लक चूक पिक्सेलच्या पाचव्या भागाच्या आत आली पाहिजे.

या नेमकेपणावर आणखी दोन गोष्टी जाणवू लागतात. एक, हवेतली आणि निर्वातातली तरंगलांबी वेगळी असते. अल्फा हवेत ६५६२.८, निर्वातात ६५६४.६. दिव्याच्या रेषा एका यादीतून आणि ताऱ्याच्या दुसऱ्या यादीतून घेतल्या तर जवळजवळ दोन अँगस्ट्रॉमचा खोटा वेग हाती येतो. दोन, पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, त्यामुळे अल्फा वर्षभरात दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ०.६६ अँगस्ट्रॉमपर्यंत सरकते. ही दुरुस्ती केली की नाही, ते नोंदीत स्पष्ट लिहा. न लिहिल्यास पुढचा माणूस तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा करतो.

१०. नोंद, त्याच रात्री

ग्रेटिंग ते सेन्सर अंतर, बिनिंग, पट्टीचं समीकरण, कोणत्या रेषा वापरल्या, कोणती बाहेर ठेवली आणि ती किती चुकली, हे सगळं फाइलसोबत ठेवा. वेळ जागतिक वेळेत, एक्सपोजरच्या मध्याची. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करताना तारीखही पाहा: १२ जानेवारीच्या पहाटे दोनला घेतलेला वर्णपट जागतिक वेळेत ११ जानेवारी, २०:३० चा असतो.